अरण्यांची उतरंड : हिमालयाच्या चढणीवरील वृक्षांचा एक इतिहास

१.

कालिदासाचा हिमालय आपल्या परिचयाचा आहे. त्या हिमालयावरील झाडांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. अलंकारांची चर्चा करताना झाडे उपमानाच्या कामी येतात आणि तेवढ्यावर त्यांचे काम संपते. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात तीन वृक्ष थोड्याथोड्या अंतराने येतात. आधी भूर्ज येतो. त्याच्या सालीवर विद्याधरांच्या स्त्रिया धातुरसाने प्रेमपत्रे लिहितात. मग सरल येतो. हत्ती त्याच्या खोडावर गंडस्थळे घासतात आणि पाझरलेल्या चिकाचा गंध शिखरांवर पसरतो. त्यानंतर देवदारू, गंगेचे तुषार घेऊन आलेला वारा त्याला हलवतो. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात तर एक देवदारू शंकराने पुत्र मानलेला आहे. एका रानहत्तीने त्याची साल सोलली म्हणून पार्वतीला शोक होतो आणि झाडाच्या रक्षणासाठी एक सिंह नेमला जातो. भारतीय वाङ्मयातला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध वनरक्षक.

काव्यातला क्रम भूर्ज, सरल, देवदारू असा आहे. डोंगर चढत गेले तर हा क्रम बदलतो. सरल म्हणजे आजचा चीड. तो साधारण ९०० मीटरपासून १,८०० ते २,००० मीटरपर्यंत आढळतो. देवदार साधारणपणे १,८०० मीटरच्या पुढे सुरू होतो. भूर्ज ३,००० मीटरच्या वर, झाडे संपतात त्या सीमेजवळ उभा असतो. चीड आणि भूर्ज यांच्यामध्ये एका हिमालयीन उतारावरची जवळजवळ सारी समशीतोष्ण अरण्ये मावतात. कवीने उंची सांगितलेली नाही, आणि ती सांगणे हे त्याचे कामही नव्हते. परंतु वृक्ष त्याने नेमके निवडले आहेत.

चढणीवरील झाडांचा हा क्रम ज्ञानाचा विषय कसा झाला, त्यातून काय दिसले, काय दिसेनासे झाले आणि त्याचे परिणाम कुणाला भोगावे लागले, याचा विचार येथे करावयाचा आहे. उंचीनुसार अरण्य बदलते हे सत्य निसर्गाचे आहे. त्या सत्याचा उपयोग कसा केला जातो हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे.

२.

डोंगर चढणे म्हणजे ध्रुवाकडे प्रवास करणे, ही कल्पना युरोपात अठराव्या शतकात रुजली. तूर्नफोर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १७०१ साली आरारात पर्वतावर गेला. पायथ्याशी आर्मेनियाची झाडे, त्यावर इटलीची, मग फ्रान्सची आणि अखेरीस लॅपलँडची, असा अनुभव पुढे त्याच्या नावाने सांगितला जाऊ लागला. १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात लिनियसने आदिम नंदनवनाची कल्पना विषुववृत्तावरील एका उंच पर्वताच्या रूपात मांडली. पायथ्याला उष्ण प्रदेशातील जीव, माथ्याला हिमप्रदेशातील जीव. अशा रीतीने सारी सृष्टी एका डोंगरावर राहू शकली असेल, असे त्याचे म्हणणे. मेरुपर्वताच्या कथांत वाढलेल्या आपल्या वाचकाला यात फारसे नवल वाटू नये.

या कल्पनेला मोजमापाचे रूप दिले ते आलेक्सांडर फॉन हुम्बोल्ट याने. २३ जून १८०२ रोजी तो आणि त्याचा सहकारी बोंप्लाँ दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर बरेच उंच चढले. १८०७ साली ‘वनस्पतींच्या भूगोला’वरील निबंधासोबत त्याने एक मोठे चित्र प्रसिद्ध केले. त्यात पर्वताचा उभा छेद आहे आणि छेदावर त्या त्या उंचीला सापडणाऱ्या वनस्पतींची नावे आहेत. बाजूच्या रकान्यांत तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, इतकेच नव्हे तर त्या उंचीवर होणाऱ्या शेतीचीही नोंद आहे. पुढील दोन शतके पर्वतांचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हे चित्र राहिले.

या चित्राची अलीकडची कहाणी इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. २०१५ साली काही संशोधकांनी चिंबोराझोवरील आजची वनस्पतिसृष्टी हुम्बोल्टच्या चित्राशी ताडून पाहिली आणि वनस्पती सरासरी ५०० मीटरहून अधिक वर सरकल्याचा निष्कर्ष काढला. २०१९ साली दुसऱ्या एका गटाने हुम्बोल्टची टिपणे आणि त्याने जमवलेले नमुने तपासले. तेव्हा असे दिसले की चित्रातील उंचावरच्या वनस्पतींची माहिती प्रामुख्याने चिंबोराझोवरची नव्हतीच. ती आंतिसाना या दुसऱ्या पर्वतावर गोळा केलेली होती. चिंबोराझो हे एका आदर्श पर्वताचे रूप होते. आंतिसानावर नव्याने पाहणी करून मोजलेले स्थलांतर सुमारे २१५ ते २६६ मीटर भरले. वनस्पती वर सरकल्या आहेत, हे दोन्ही अभ्यासांना मान्य आहे. किती सरकल्या, या प्रश्नाचे उत्तर मात्र एका दस्तऐवजाच्या वाचनावर अवलंबून होते. पाठचिकित्सा ही केवळ पोथ्यांपुरती मर्यादित विद्या नाही, हे यावरून ध्यानात यावे.

३.

हिमालयात ही दृष्टी आली ती कंपनी सरकारच्या पाठोपाठ. १८१५ साली कुमाऊँ इंग्रजांच्या ताब्यात गेले. सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख जॉन फोर्ब्स रॉइल याने १८३० च्या दशकात हिमालयीन वनस्पतींवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात वनस्पतींचा विचार उंचीच्या पट्ट्यांनुसार केला. जोसेफ हूकर १८४८ ते १८५० या काळात सिक्कीममध्ये हिंडला. त्याची हिमालयातील रोजनिशी १८५४ साली प्रसिद्ध झाली. १८६४ साली डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला आणि १८७४ साली त्याने वायव्य व मध्य हिंदुस्थानातील अरण्यांवर ग्रंथ लिहिला. पुढे हॅरी चॅम्पियनने १९३६ साली हिंदुस्थानातील अरण्यांचे वर्गीकरण केले आणि १९६८ साली सेठ यांच्यासह ते सुधारून १६ गटांत मांडले. भारतातील वनखात्यात आजही हेच वर्गीकरण मूळ आधार मानले जाते. त्यात उपोष्ण चीडवने, आर्द्र समशीतोष्ण, शुष्क समशीतोष्ण, उपपर्वतीय आणि अखेरीस हिमरेषेखालील झुडुपे असा हिमालयाचा क्रम लागतो.

कुमाऊँ-गढवालची चढण डोळ्यांपुढे आणली तर हा क्रम पुढीलप्रमाणे दिसतो. पायथ्याशी साल. साधारण १,००० ते १,२०० मीटरच्या आसपास तो मागे पडतो आणि चीड सुरू होतो. १,५०० मीटरच्या पुढे बांज नावाचा सदाहरित ओक भेटू लागतो आणि त्याच्या सोबतीला लाल फुलांचा बुरांस, अयार आणि फळांसाठी प्रसिद्ध असलेला काफळ. २,००० मीटरच्या वर मोरू, ज्याला कुमाऊँत तिलोंज म्हणतात, आणि २,४०० च्या पुढे खर्सू. ओकच्या या तीन जाती जणू तीन मजल्यांवर राहतात. त्यांच्या मध्ये-मध्ये देवदार, कैल, स्प्रूस आणि फर असे सूचिपर्णी वृक्ष. सुमारे ३,००० मीटरच्या वर भूर्ज आणि त्याच्या जोडीला बुटका, बर्फाच्या भाराने वाकलेला बुरांसाचा दुसरा प्रकार. ३,३०० ते ३,६०० मीटरच्या दरम्यान झाडे संपतात आणि बुग्याल, म्हणजे उंचावरची कुरणे, सुरू होतात.

आपल्याकडे मातीची मडकी एकावर एक रचून उतरंड करतात. खाली मोठे मडके, वर लहान. उंचीनुसार अरण्य बदलण्याची कल्पना बहुतेकांच्या मनात अशीच असते. खाली अनेक जाती आणि उंच झाडे, वर थोड्या जाती आणि ठेंगणी झाडे. दर १,००० मीटरला तापमान साधारण ५ ते ६ अंश सेल्सिअसने उतरते, वाढीचा हंगाम आखूड होतो, बर्फ आणि वारा वाढतो. मग झाडांचे सारेच कमी होत जावे, हे तर्काला धरून दिसते. पण प्रत्यक्षातील अरण्य इतके सरळ नाही.

४.

पहिला प्रश्न पट्ट्यांचा. अरण्यांचे पट्टे खरोखर असतात का? अमेरिकेत १९२६ साली हेन्री ग्लीसन याने असे प्रतिपादन केले की वनस्पतींचा समाज ही एकजीव वस्तू नाही. प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार आपापली जागा शोधते. तेव्हा हे मत फारसे कुणी मानले नाही. १९४७ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट व्हिटेकर हा तरुण संशोधक ग्रेट स्मोकी पर्वतांत गेला आणि वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या ओलाव्याच्या जागी झाडांची मोजणी करू लागला. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधातून दिसले ते असे : जातींचे आलेख एकमेकांवर चढलेले, प्रत्येकाचा चढ-उतार वेगळा. एका रेषेवर साऱ्या जाती एकदम थांबल्या आणि दुसऱ्या एकदम सुरू झाल्या, असे क्वचितच घडते. आपण नकाशावर रंग भरतो तेव्हा पट्टे तयार होतात. डोंगरावर असतो तो एक अखंड बदल. १९६० साली सिस्कियू पर्वतांवरील अभ्यासात व्हिटेकरने एका जागेतील विविधता, जागेजागेतील फरकाची विविधता आणि साऱ्या प्रदेशाची विविधता असा भेद केला. एखादी बाग, त्या बागेहून वेगळी दुसरी बाग आणि सारे गाव असा हा हिशेब आहे. डोंगराची खरी श्रीमंती मधल्या प्रकारात असते; शंभर पावले चढले की सोबती बदलतात.

व्हिटेकरच्या मोजणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तो काम करीत होता तेव्हा त्या डोंगरांवरील अमेरिकन चेस्टनट हा एके काळचा प्रमुख वृक्ष एका परदेशी बुरशीमुळे मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला होता. पुढे, माथ्यावरील फर वृक्षांवर परदेशातून आलेल्या एका किडीने घाला घातला. म्हणजे उंचीचा नियम शोधण्यासाठी ज्या अरण्याकडे पाहावे, ते अरण्यही इतिहासातून सुटलेले नसते.

दुसरा प्रश्न संख्येचा. वर जाताना जाती सतत कमी होतात का? १९९५ साली कार्स्टन राहबेक याने तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि असे दाखवले की जातींची संख्या अनेकदा मध्यावर फुगते. अर्ध्या चढणीपर्यंत वाढते किंवा टिकते आणि मग उतरते. नेपाळमधील वनस्पतींच्या नोंदींवर ग्रित्नेस आणि वेटास यांनी २००२ साली केलेला अभ्यास हिमालयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात वनस्पतींच्या जातींची संख्या १,५०० मीटरपर्यंत वाढते, १,५०० ते २,५०० मीटर या पट्ट्यात जवळजवळ स्थिर राहते आणि त्यानंतर घटते. याची कारणे एकाहून अधिक आहेत. मध्यावर खालचे आणि वरचे असे दोन्हीकडचे वृक्ष भेटतात. पावसाळी ढग तेथेच रेंगाळतात. फार उष्णताही नसते आणि फार थंडीही नसते. शिवाय चढणीला दोन टोके असल्याने मध्यभागी अधिक जातींचे पल्ले एकमेकांवर पडतात, हा निव्वळ भूमितीचा भागही असतो. परंतु याच १,५०० ते २,५०० मीटरच्या पट्ट्यात पहाडी गावे, शेते आणि गुरेही आहेत, हे विसरून चालणार नाही.

तिसरा प्रश्न रचनेचा. आणि येथे उतरंडीचे रूपक पुरतेच कोलमडते. बांजाच्या चांगल्या अरण्यात तीन-चार थर असतात. वर ओक, त्याखाली बुरांस आणि अयार, मग झुडुपे, मग शेवाळ आणि नेचे. फर आणि खर्सूच्या अरण्यांत जाती थोड्या, खाली बहुधा रिंगाळ बांबूचे दाट रान. पण झाडे अवाढव्य. एका हेक्टरवरील खोडांच्या छेदाचे एकूण क्षेत्रफळ वर जाताना घटेलच असे नाही. अनेकदा ते वाढते. थंड हवेत लाकूड हळू कुजते, झाडे दीर्घकाळ जगतात आणि अवघड जागी कुऱ्हाड उशिरा पोचते. नैनीतालच्या कुमाऊँ विद्यापीठातील जे. एस. सिंह आणि एस. पी. सिंह यांनी १९८० च्या दशकात या अरण्यांचे वस्तुमान, पानगळ आणि पोषकद्रव्ये यांचा दीर्घ अभ्यास केला आणि १९९२ साली तो ग्रंथरूपाने मांडला. समशीतोष्ण म्हणवणारी ही अरण्ये वस्तुमानाच्या बाबतीत उष्ण प्रदेशातील अरण्यांच्या बरोबरीची ठरू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. ऱ्हास होतो तो अगदी वरच्या टप्प्यात, झाडांच्या सीमेजवळ. पण तेथे तो झपाट्याने होतो.

खर्सूच्या जुन्या अरण्यांत एक खिन्न करणारे दृश्य दिसते. प्रचंड, गाठाळ, शेवाळाने माखलेले वृक्ष आहेत. पण त्यांची पोरे नाहीत. पाला छाटला जातो, गुरे रोपे खातात. ज्या घरात केवळ वृद्ध उरले आहेत त्या घराचे चित्र बाहेरून भव्यच दिसते.

५.

आता चीड आणि बांज यांच्याकडे वळू. कारण उंचीचे शास्त्र आणि माणसांचा इतिहास यांची खरी गाठ १,५०० ते १,८०० मीटरच्या आसपास पडते. तेथे दोन्ही वृक्ष वाढू शकतात. तेथे कोण असेल हे केवळ उंची ठरवत नाही. उताराचे तोंड उत्तरेला की दक्षिणेला, माती किती खोल, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आग किती वेळा लागते व पाला किती छाटला जातो, यावर ते अवलंबून असते. चिडाची साल जाड असते, त्याचे पंख असलेले बी उघड्या, उन्हाच्या जमिनीवर सहज रुजते. बांजाची कोवळी रोपे वारंवारच्या आगीपुढे टिकत नाहीत. चिडाच्या वाळल्या सुया स्वतःच सरपण होऊन पडतात. ‘मेघदूता’त सरलांच्या फांद्या घासून पेटलेल्या वणव्याची आणि तो विझवण्याची विनंती मेघाला केलेली आहे. चीड आणि आग यांचे हे सख्य कवीने अचूक हेरले होते.

१९८४ साली सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या बदलाची रासायनिक बाजू मांडली. चीड पान गाळण्यापूर्वी त्यातील बराचसा नत्र काढून घेतो. गळलेल्या सुयांत नत्र इतका कमी असतो की त्या कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र अडकवून ठेवतात. बांजाला नत्र अधिक लागतो. म्हणजे एकदा चिडाने जागा घेतली की तो ती जागा बांजाला परत मिळू नये अशी करून ठेवतो. अनुकूल उंची असूनही बांज परत येत नाही, याचे एक कारण हे आहे.

या स्पर्धेत सरकार चिडाच्या बाजूने उतरले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी प्रथम मागणी होती ती देवदाराला. भागीरथीच्या खोऱ्यात फ्रेडरिक विल्सन या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून ठेका घेऊन देवदाराची अमाप तोड केली आणि ओंडके नदीतून खाली सोडले. १८६५ साली टिहरीची अरण्ये इंग्रज सरकारने भाडेपट्ट्याने घेतली. पुढे रासायनिक प्रक्रियेने चिडाचे लाकूडही टिकाऊ करता येऊ लागले. चिडाच्या चिकापासून, पहाडी भाषेत ‘लीसा’पासून, टर्पेंटाइन आणि राळ मिळू लागली आणि चीड मोलाचा झाला. बांजाचे लाकूड वेडेवाकडे, जड, वाहून नेण्यास अवघड. ते पहाडी स्त्रीच्या चुलीत, गोठ्यात आणि शेतातच उपयोगी पडत होते. गुरांना त्याचा पाला, शेताला त्याचे खत, अवजारांना त्याची मूठ. आणि बांजाच्या रानाखाली झरे टिकतात, हा पहाडातील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव.

१९११ ते १९१७ या काळात कुमाऊँत अरण्यांची मोठी बंदोबस्ती झाली. विस्तीर्ण अरण्ये राखीव ठरली. पाला छाटणे, गुरे चारणे आणि गवतासाठी दरवर्षी रान जाळणे यांवर निर्बंध आले. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयू नदीत बुडवल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अरण्ये पेटली. या आगींचा अभ्यास करताना रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. पेटली ती प्रामुख्याने चिडाची व्यापारी अरण्ये. तितकीच सरकारी ताब्यात असलेली बांजाची, रुंद पानांची अरण्ये जवळजवळ सुरक्षित राहिली. आग लावणारा हात आंधळा नव्हता. कोणत्या उंचीवरचे कोणते झाड कुणाचे आहे, याचे त्याला पक्के भान होते.

सरकारने १९२१ साली तक्रार-निवारण समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार नवी राखीव अरण्ये दोन वर्गांत विभागली गेली. व्यापारी मोल नसलेली ती पहिल्या वर्गात. तेथे गावकऱ्यांना बरीच मोकळीक. मोल असलेली दुसऱ्या वर्गात, ती वनखात्याकडे. बांजाची पुष्कळशी अरण्ये अर्थातच पहिल्या वर्गात गेली. ही सवलत दिसते तेवढी निर्मळ नाही. ‘हे रान फारसे कामाचे नाही’ असा सरकारी शिक्का त्या अरण्यावर बसला. १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले आणि काही गावांनी आपापली बांजवने निगुतीने राखली. परंतु जेथे कुणीच राखणदार नव्हता तेथे मालकीहीन वस्तूची होते तशी त्यांची गत झाली.

टिहरी संस्थानात संघर्ष अधिक रक्तरंजित झाला. ३० मे १९३० रोजी तिलाडी येथे वनबंदोबस्ताविरुद्ध जमलेल्या लोकांवर संस्थानाच्या फौजेने गोळीबार केला.

६.

स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, अरण्याकडे पाहण्याची नजर फारशी बदलली नाही. १९७३ साली चमोली जिल्ह्यातील मंडल येथे ‘चिपको’ची पहिली ठिणगी पडली, ती अंगू या झाडावरून. अंगू हा समशीतोष्ण पट्ट्यातील ॲश वृक्ष. त्याचे लाकूड हलके आणि चिवट. गावकऱ्यांना शेतीच्या अवजारांसाठी तो नाकारला गेला आणि मैदानी प्रदेशातील एका क्रीडासाहित्याच्या कंपनीला देण्यात आला. चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड अडवली. २६ मार्च १९७४ रोजी अधिक उंचावरील रेणी गावात पुरुष बाहेर गेलेले असताना गौरादेवी आणि गावातील स्त्रिया ठेकेदाराच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या. अरण्य हे आपले माहेर आहे, ही त्यांची भावना होती. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या अहवालावरून अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात १० वर्षे तोडबंदी झाली.

१९८१ साली उत्तर प्रदेशच्या पहाडी भागात १,००० मीटरच्या वर हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर १५ वर्षांची बंदी आली. हुम्बोल्टने चित्रात काढलेली आडवी रेषा अशा रीतीने कायद्यात उतरली. निर्णय मोठा होता आणि त्याने पुष्कळ अरण्य वाचले, यात शंका नाही. परंतु रेषा आंधळी असते. १,००० मीटरच्या वर चीड आहे आणि बांजही आहे. बांज वाचवण्यासाठी काढलेल्या रेषेने त्याच्या वाट्याची जागा घेणाऱ्या चिडालाही अभय दिले. दुसरीकडे, पाला छाटणे आणि आग या गोष्टी व्यापारी तोडीत मोडत नसल्याने त्या चालूच राहिल्या. १९९५, २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत या पहाडांवर मोठे वणवे लागले. प्रत्येक वेळी चीड हाच आरोपी ठरला. चीड स्वभावतः आगीचा सोबती आहे हे खरे. पण त्याचे राज्य कुणी वाढवले हेही त्याच आरोपपत्रात लिहिले पाहिजे.

येथे चिडाला खलनायक आणि बांजाला नायक करण्याचा मोह टाळला पाहिजे. खालच्या, कोरड्या, दक्षिणमुखी उतारांवर चीड हा त्या भूमीचाच पुत्र आहे आणि तेथे त्याला पर्याय नाही. प्रश्न आहे तो सरहद्दीचा. जेथे दोघांचाही हक्क होता तेथे एकाचाच दाखला तयार झाला आणि मग त्या दाखल्यालाच ‘निसर्गक्रम’ असे नाव पडले. साहित्याच्या इतिहासातही असे घडते. एका काळी विशिष्ट कारणांनी ठरलेली प्रतवारी पुढच्या पिढ्यांना स्वयंसिद्ध वाटू लागते आणि ती कुणी, कशासाठी ठरवली हे विचारण्याची गरज उरत नाही.

७.

अखेरीस भूर्ज. उतरंडीच्या अगदी वरचा. झाडे कुठे थांबतात, याचा जगभरचा अभ्यास क्रिस्तियान कोर्नर या शास्त्रज्ञाने केला आहे. त्याच्या मते वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान सुमारे ६.४ अंशांच्या खाली गेले आणि तो हंगाम सुमारे ९४ दिवसांहून आखूड झाला की झाड म्हणून उभे राहणे अशक्य होते. झाडाला प्रकाशसंश्लेषणातून अन्न मिळत असते. पण त्या थंडीत त्या अन्नाचे लाकूड करता येत नाही. झुडूप जमिनीलगत ऊब धरून राहते. झाड मान वर काढते आणि वाऱ्याच्या थंडीत सापडते. हा नियम सर्वत्र एकच असला तरी त्याची उंची सर्वत्र एक नसते. पश्चिम हिमालयात झाडे साधारण ३,६०० मीटरच्या आत संपतात, तर आग्नेय तिबेटमध्ये जुनिपर वृक्ष ४,९०० मीटरपर्यंत आढळले आहेत. पर्वतांचा समूह जितका विशाल, तितकी त्याच्या आतल्या भागाची ऊब अधिक.

हवा तापते आहे, तेव्हा भूर्ज निमूट वर सरकेल असे वाटणे साहजिक आहे. पण नेपाळमधील सीमावर्ती भूर्जांच्या वाढीच्या वलयांवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळेच सांगितले. त्यांची वाढ थंडीपेक्षा पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांतील ओलाव्याने अधिक अडते. तापमान वाढले आणि तो काळ अधिक कोरडा झाला तर भूर्जाला वर जाण्याची वाट मिळेलच असे नाही. चीड वर सरकला तर त्याच्यापुढे बांजाची जागा आहे. बांज वर सरकला तर मोरूची. भूर्जापुढे मात्र कुरण आणि मग खडक. वरच्या मडक्याला आणखी वर जागा नसते.

भूर्जाचा आणि महाराष्ट्राचा संबंध एका पोथीपुरता का होईना, पण पक्का आहे. १८७५ साली गेओर्ग ब्यूलर याने काश्मिरातून हस्तलिखिते जमवली. ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आली आणि १९१८ साली भांडारकर संस्थेकडे गेली. त्यांत भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली ऋग्वेदाची प्रत आहे. संस्थेतील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांचा युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत समावेश केला, त्यांत ती आहे. झाडे संपतात त्या सीमेवरील वृक्षाची साल पुण्यात वेद सांभाळून आहे. विद्वानांनी तिच्यावरील अक्षरे बारकाईने वाचली, पाठभेद नोंदवले. तितक्याच बारकाईने आता त्या सालीच्या मूळ वृक्षाकडेही पाहण्याची वेळ आली आहे. पोथी एकदा जतन झाली की ती कपाटात राहते. अरण्य मात्र दर पिढीला नव्याने रुजावे लागते, आणि खर्सूच्या त्या जुन्या रानात तेच घडेनासे झाले आहे.